वाळवंटाचा राखणदार

वाचकहो, आपले पूर्वज ज्या कोकणातून मुंबई बंदरी आले आणि तेथून जहाजात बसून या बेटावर उतरले, त्या कोकणात गावोगाव देवराई असे. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखून ठेवलेले रान. तिच्यातली वाळलेली काटकीही कोणी घरी नेत नसे. शेताची, पाण्याची, रानाची राखण करणारा एक राखणदार असतो, अशी लोकांची श्रद्धा होती. त्याला दरसाल मान द्यावा लागे. यंदा दिला आणि पुढच्या वर्षी विसरलो, असे चालत नसे. श्रद्धेची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली, तरी या रूढीत एक शहाणपण आहे. राखण ही एकदा करून संपणारी गोष्ट नव्हे. तिच्यासाठी दरसाल काही ना काही द्यावे लागते.

हे शहाणपण आम्हांला नव्याने आठवले ते एका अरब राज्यकर्त्याचे चरित्र वाचताना. मुंबईला किंवा युरोपला जाताना आपल्यापैकी पुष्कळांनी दुबईचा विमानतळ पाहिला आहे. तेथे काचेपलीकडे उंच उंच इमारती दिसतात. सात राज्यांच्या त्या संघाला संयुक्त अरब अमिरात म्हणतात. पण त्या इमारतींच्या मागे, दूर वाळवंटात, पांढऱ्या शुभ्र हरणांसारखी जनावरे मोकळी फिरतात आणि तेथल्या उथळ समुद्रात समुद्रगाई चरतात. त्यांच्या राखणीसाठी तेथले सरकार दरसाल खजिन्यातून पैसा देते. ही रीत ज्यांनी घातली ते शेख झायेद बिन सुलतान अल नाहयान २ नोव्हेंबर २००४ रोजी निवर्तले. त्या गोष्टीला आता दोन दशके उलटून गेली. त्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

झायेद यांचा जन्म १९१८ चा मानला जातो. त्या काळी अबू धाबी हे समुद्रकाठचे एक छोटे, गरीब गाव होते. एक किल्ला, माडाच्या झावळ्यांसारख्या खजुराच्या झापांनी शाकारलेली घरे आणि किनाऱ्याला लागलेल्या होड्या, एवढाच काय तो पसारा. त्यांचे आजोबा, थोरले झायेद, यांनी १८५५ पासून १९०९ पर्यंत राज्य केले होते. त्यांच्या मागे मात्र घरात भाऊबंदकी माजली. झायेद यांचे वडील शेख सुलतान १९२२ मध्ये गादीवर बसले आणि १९२६ मध्ये भावाच्या हातून मारले गेले. दोन वर्षांत तो भाऊही मारला गेला. मराठी माणसाला हे सारे परके वाटू नये. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा शनिवारवाड्यानेही असाच दिवस पाहिला होता.

१९२८ मध्ये झायेद यांचे थोरले बंधू शेख शखबूत यांना राज्य मिळाले. त्या वेळी त्यांची आई शेखा सलामा यांनी आपल्या मुलांना एकत्र बसवून शपथ घातली, की भावाने भावावर कधीही शस्त्र उचलायचे नाही. मुलांनी ती शपथ जन्मभर पाळली. एका विधवा मातेच्या या एका कृत्याने त्या राज्याचे पुढचे शंभर वर्षांचे भाग्य बदलले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्या दिवसांत अबू धाबीचे पोट समुद्रातल्या मोत्यांवर चाले. आपल्या आजी-पणजींच्या बोलण्यात ज्या बसरा मोत्यांचा उल्लेख येई, ते मोती याच आखातातले. उन्हाळाभर पाणबुडे दम धरून समुद्राच्या तळाशी जात, शिंपले वर काढीत आणि त्यांतले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. त्या किनाऱ्यावर चलनही हिंदुस्थानी रुपयाचेच होते, आणि रुपयाचा तो व्यवहार १९६६ पर्यंत टिकला. पण १९२९ नंतर जगभर मंदी आली, जपानी शेतीतले मोती बाजारात उतरले आणि हा धंदा बसला. माणसे उपाशी राहू लागली. झायेद यांचे बालपण व तारुण्य या दारिद्र्यात गेले, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ज्याने पाण्याचा थेंब मोजला आहे, त्यालाच पुढे झाडाचे मोल कळले.

ते वाढले अल ऐन या मरुद्यानात, समुद्रापासून दूर, डोंगराच्या पायथ्याशी. शिक्षण म्हणजे कुराणाचे पठण. बाकीची विद्या त्यांनी बदाऊनी लोकांकडून घेतली. उंटावर बसणे, वाळूतला माग काढणे, ससाणा शिकवून त्याच्याकडून शिकार करणे, यांत ते पटाईत झाले. बंदुकीचीही त्यांना आवड होती. एके दिवशी ते हरणांच्या मोठ्या कळपामागे लागले. सुमारे तीन तास पाठलाग व गोळीबार चालला. शेवटी मोजून पाहिले, तर चौदा हरणे पडली होती. ती रास पाहून त्यांच्या मनात वेगळाच विचार आला. बंदुकीने अशी शिकार होत राहिली, तर हा कळप आणि ही जात किती दिवस टिकेल? त्या दिवसापासून त्यांनी बंदुकीची शिकार सोडली आणि केवळ ससाण्याची ठेवली. ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे.

येथे एक गंमतीची गोष्ट सांगावीशी वाटते. त्या वाळवंटात गाफ नावाचे झाड सर्वत्र दिसते. खोल मुळांनी पाणी शोषून ते भर उन्हात हिरवे राहते. झायेद यांनी पुढे हे झाड तोडण्यास मनाई केली आणि २००८ मध्ये त्याला त्या देशाचा राष्ट्रीय वृक्ष ठरवण्यात आले. हे गाफ म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपली शमी होय. दसऱ्याला जिची पूजा होते, अज्ञातवासाला जाताना पांडवांनी जिच्यावर आपली शस्त्रे ठेवली, तीच ही शमी. शमीच्या देशात एका तरुणाने बंदूक खाली ठेवली, हा योगायोग आम्हांला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

१९४६ मध्ये शखबूत यांनी झायेद यांना अल ऐन व भोवतालच्या मुलखाचा कारभार सोपवला. हातात अधिकार होता, पण पैसा जवळजवळ नव्हता. अल ऐनच्या खजुराच्या बागा फलजच्या पाण्यावर जगत. फलज म्हणजे डोंगराखालचे पाणी उताराने बागेपर्यंत आणणारा, जमिनीखालून खोदलेला पाट. आज ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात, त्या औरंगाबादेत मलिक अंबरने जी नहर बांधली, तिच्याच जातीचे हे काम. हे पाट ठिकठिकाणी ढासळून गाळाने भरले होते. झायेद यांनी लोकांना बोलावले, स्वतः खाली उतरले आणि गाळ उपसायला लागले. एक नवा फलज पुरा व्हायला तर अठरा वर्षे लागली.

पाणी वाहू लागले, पण दुसराच प्रश्न उभा राहिला. पाण्याच्या पाळ्या विकत घ्याव्या लागत आणि बहुतेक पाळ्या श्रीमंतांकडे होत्या. गरिबाची बाग पाटाला लागून असूनही सुकत असे. झायेद यांनी पहिल्यांदा आपल्या कुटुंबाचा पाण्यावरचा हक्क सोडला आणि मग इतरांना सोडायला सांगितले. पाणी सर्वांना मिळू लागले. इंग्रज प्रवासी विल्फ्रेड थेसिजर चाळीसच्या दशकाच्या अखेरीस तेथे गेला, तेव्हा त्याला हा कारभारी किल्ल्यासमोर एका काटेरी झाडाखाली लोकांबरोबर बसलेला दिसला. दरबारही तोच, कचेरीही तीच. आमच्या मते झायेद यांच्या पुढच्या सर्व कार्याचे बीज या पाण्याच्या कारभारात आहे. निसर्गाचे देणे एकट्याचे नव्हे, आणि ते टिकवायचे तर दरसाल गाळ उपसावा लागतो, हे ते तेथे शिकले.

पुढे तेल सापडले. १९६२ मध्ये अबू धाबीच्या तेलाचे पहिले जहाज बाहेर गेले. खजिन्यात पैसा येऊ लागला, परंतु शखबूत यांचा हात फार आखडता होता. दारिद्र्य पाहिलेल्या त्या माणसाला हा पैसा उद्या नाहीसा होईल अशी भीती वाटे. शाळा, दवाखाने, रस्ते यांवाचून लोक अडले होते. अखेर घराण्यातील मंडळींनी, ब्रिटिशांच्या संमतीने, ६ ऑगस्ट १९६६ रोजी राज्य झायेद यांच्या हाती दिले. रक्त सांडले नाही. थोरले बंधू काही वर्षे परदेशी राहून परत आले आणि अल ऐनमध्येच म्हातारे झाले. आईची शपथ मोडली नाही.

१९६८ मध्ये ब्रिटिशांनी आखात सोडून जाण्याचे जाहीर केले. झायेद यांनी दुबईचे शेख रशीद यांच्याशी बोलणी सुरू केली आणि २ डिसेंबर १९७१ रोजी सहा राज्यांचा संघ स्थापन झाला. १९७२ च्या फेब्रुवारीत सातवे राज्य, रास अल खैमा, येऊन मिळाले. संघाचे पहिले अध्यक्ष झायेद झाले आणि अखेरपर्यंत तेच राहिले. ही राजकीय कथा सर्वत्र सांगितली जाते. आम्ही मात्र आज तिच्या कडेकडेने जाणारी दुसरी वाट धरणार आहोत.

अरबस्तानात ऑरिक्स नावाचे एक जनावर आहे. रंग पांढरा, पाय काळसर, शिंगे लांब आणि सरळ. बाजूने पाहिले तर दोन शिंगांचे एकच शिंग दिसते. अरब लोक त्याला महा म्हणतात आणि त्यांच्या काव्यात सुंदर स्त्रीच्या डोळ्यांना महाच्या डोळ्यांची उपमा देतात. हजारो वर्षे ते तहान सोसत वाळवंटात जगले. पण मोटारगाडी आणि बंदूक एकत्र आल्यावर त्याचा निभाव लागेना. १९६८ च्या सुमारास थोडीच जनावरे उरली, तेव्हा झायेद यांनी काही नरमाद्या जिवंत पकडून आणवल्या आणि अल ऐनच्या नव्या प्राणिसंग्रहालयात त्यांची पैदास सुरू केली. त्याआधी १९६२ पासून काही परदेशी संस्थांनीही अमेरिकेत असाच एक कळप वाढवला होता. हे शहाणपण अगदी वेळेवर सुचले. १९७२ मध्ये ओमानच्या वाळवंटात अखेरचे रानटी ऑरिक्स मारले गेले आणि पिंजऱ्याबाहेर ही जात संपली.

सत्तरच्या दशकात झायेद यांनी आणखी एक धाडस केले. अबू धाबीच्या पश्चिमेला सर बनी यास नावाचे बेट आहे. आमच्या वर्गातली मुले हे नाव ऐकून हसतात, कारण आपल्या बेटावर सर म्हटले की सर शिवसागर रामगुलाम यांची आठवण व्हायची. परंतु हा इंग्रजी किताब नव्हे. बनी यास हे अल नाहयान घराण्याच्या टोळीचे नाव आहे. हे बेट ८७ चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या रॉड्रिग्जपेक्षा थोडे लहान. पूर्वी त्यावर गोड्या पाण्याचा नाला नाही, रान नाही, अशी स्थिती. झायेद यांनी तेथे शिकारीला बंदी केली, समुद्राचे पाणी गोडे करून नळ्यांनी झाडांच्या मुळाशी थेंब थेंब सोडले, लाखो झाडे लावली आणि त्यांच्या सावलीत ऑरिक्स, हरणे आणून सोडली. आज त्या बेटावर दहा हजारांहून अधिक जनावरे आहेत.

आता वाचक विचारतील, की तेलाच्या राजाला हे काय अवघड? पैसा ओतला आणि बेट हिरवे झाले! या प्रश्नातच आजच्या लेखाचे मर्म आहे. आम्ही शाळेत मुलांना कधीकधी एक हिशेब घालतो. एक राखीव रान आहे. कुंपण घालायला एकदाच पैसा लागला. पण रखवालदाराचा पगार? होडीचे इंधन? जनावरांचा वैद्य? आगीच्या दिवसांतला पहारा? जनावरांची शिरगणती? मुले हिशेब मांडतात आणि त्यांच्या लक्षात येते, की कुंपणाचा खर्च एकदाचा, बाकीचा सगळा दरसालचा. देवळाला कळस चढवायला देणगीदार पुष्कळ मिळतात, पण रोजच्या दिव्याच्या तेलाला कोणी पुढे येत नाही. रानाचेही तसेच आहे.

सुरुवातीला हे दिव्याचे तेल झायेद यांच्या मर्जीवर होते. त्या काळी राजाची थैली आणि राज्याचा खजिना यांत फार अंतर नव्हते. राजा म्हणाला झाडे लावा, की झाडे लागत. पण राजा उद्या गेला तर? वारसाची आवड वेगळी निघाली तर? तेलाचा भाव उतरला तर? ज्यांनी लहानपणी मोत्यांचा बाजार कोसळलेला पाहिला होता, त्यांना हे सांगायला नको होते. म्हणून पुढच्या वर्षांत ही राखण मर्जीतून कायद्यात आणि थैलीतून अंदाजपत्रकात कशी गेली, ते पाहण्यासारखे आहे.

१९८३ मध्ये पशुपक्ष्यांच्या शिकारीवर बंधन घालणारा संघाचा कायदा झाला. १९९३ मध्ये संघाने पर्यावरणाची वेगळी यंत्रणा उभारली. १९९६ मध्ये अबू धाबीने वन्यजीव व पर्यावरण यांच्या संशोधनासाठी स्वतंत्र सरकारी संस्था काढली, आणि पगारी शास्त्रज्ञ, होड्या, पहारेकरी यांचा खर्च राज्याच्या हिशेबात आला. १९९८ मध्ये शहराजवळच्या अल वथबा तळ्यावर रोहित पक्ष्यांनी घरटी करून पिल्ले काढली, तेव्हा झायेद यांच्या आज्ञेने ते तळे राखीव झाले. १९९९ मध्ये संघाचा पर्यावरणाचा मोठा कायदा आला. २००१ मध्ये मरावाह बेटाभोवतीचा ४,२५५ चौरस किलोमीटर समुद्र राखीव झाला. हे क्षेत्र आपल्या मॉरिशस बेटाच्या दुपटीहून मोठे. त्या समुद्रातल्या गवतावर समुद्रगाई चरतात. अबू धाबीच्या पाण्यात त्या सुमारे तीन हजार असून ऑस्ट्रेलिया सोडल्यास इतका मोठा कळप दुसरीकडे नाही, असे समजले जाते.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. त्या देशाच्या राज्यघटनेप्रमाणे जमिनीतली व समुद्रातली नैसर्गिक संपत्ती ज्या त्या राज्याच्या मालकीची आहे. तेलही त्याचे आणि रानही त्याचे. त्यामुळे अबू धाबीच्या राखीव क्षेत्रांना अबू धाबीचे तेल पुरते, दुबई आपली क्षेत्रे आपण पाहते, आणि ज्या राज्यांकडे तेल नाही त्यांच्या डोंगरांना आणि किनाऱ्यांना तेवढा पैसा मिळणे कठीण. संघाच्या खर्चाचा मोठा वाटा अबू धाबीच उचलत आली आहे. एका घरात सात चुली असल्या म्हणजे जे होते, तेच हे.

झायेद यांचे चरित्र सांगताना केवळ स्तुती करणे हे शिक्षकाच्या धर्माला धरून होणार नाही. त्यांच्या कार्यातही उणिवा होत्या. वाळवंटात लाखो झाडे जगवण्यासाठी जमिनीखालचे पुरातन पाणी इतके उपसले गेले, की विहिरी खोल खोल जात राहिल्या. सर बनी यास बेटावर जिराफासारखी परदेशी जनावरेही आणली गेली, जी त्या भूमीची नव्हेत. उंटांचे कळप वाढले आणि त्यांनी रानातले कोवळे गवत खाऊन टाकले. आणि ज्या राजाने आपल्या राज्यात शिकारीला आळा घातला, तो ससाणे घेऊन हुबारा पक्ष्याच्या शिकारीला पाकिस्तानच्या वाळवंटात जात असे. शिवाय ही सारी हिरवाई ज्या तेलाच्या पैशाने उभी राहिली, ते तेल जाळल्यानेच पृथ्वी तापते आहे आणि आपल्या बेटाभोवतीची प्रवाळे पांढरी पडत आहेत. हा पेच त्यांना सुटला नाही. अजून कोणालाच सुटलेला नाही.

पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगावी लागेल. हुबारा आटत चालला हे उमजल्यावर त्यांनी अल ऐनमध्ये १९७७ पासून त्याच्या पैदाशीचे प्रयोग सुरू करवले आणि १९८२ मध्ये पहिले पिल्लू निघाले. हुबारा हा आपल्या माळढोकाच्या कुळातला. महाराष्ट्रात सोलापूरच्या नान्नज भागात १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य काढले गेले, तरी पक्षी जवळजवळ दिसेनासा झाला. आता राजस्थानात तो वाचवण्याची धडपड चालू आहे. तेथे २०२४ मध्ये कृत्रिम गर्भधारणेतून माळढोकाचे पिल्लू जन्माला आले, आणि त्याची विद्या भारतीय शास्त्रज्ञांनी अबू धाबीच्या हुबारा निधीकडून शिकून घेतली होती. झायेद यांच्या पश्चात वीस वर्षांनी त्यांच्या पैशाचे फळ माळढोकाच्या घरट्यात दिसावे, ही लहान गोष्ट नव्हे.

१९९७ मध्ये जागतिक वन्यजीव निधीने त्यांना आपला सुवर्ण पांडा पुरस्कार दिला. असा मान मिळालेले ते पहिले राष्ट्रप्रमुख. २००४ मध्ये ते गेले. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना मरणोत्तर गौरविले. पण खरी कसोटी पुरस्काराची नसते, पश्चात काय राहते त्याची असते. २००५ मध्ये ती जुनी संस्था अबू धाबीची पर्यावरण संस्था बनली. २००७ मध्ये ऑरिक्सचे कळप दूरच्या वाळवंटात पुन्हा मोकळे सोडण्यास आरंभ झाला. त्याच वर्षी मरावाहला युनेस्कोची मान्यता मिळाली. अल वथबा तळ्यावर रोहित पक्षी येत राहिले. राजा गेला, तरी दिव्यात तेल पडत राहिले.

हे सहज झाले असे समजू नये. शेजारच्या ओमानचे उदाहरण पाहा. ओमानने १९८२ मध्ये ऑरिक्स रानात सोडण्याचे फार मोठे काम केले. ते जगात पहिलेच. १९९४ मध्ये त्या अभयारण्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. १९९६ मध्ये तेथे साडेचारशे ऑरिक्स होते. मग चोरट्या शिकारी वाढल्या, पहारा अपुरा पडला आणि २००७ पर्यंत पासष्ट उरले. तेलाच्या शोधासाठी अभयारण्याची नव्वद टक्के जमीन वगळण्यात आली आणि त्याच वर्षी युनेस्कोने ते नाव यादीतून काढून टाकले. यादीतून नाव गळाल्याची ती जगातली पहिली घटना. मान होता, कायदा होता, श्रमही पुष्कळ झाले होते. राखण तेवढी ढिली पडली. तरीही सर्व देशांच्या मिळून प्रयत्नांनी ऑरिक्स आज रानात हजारावर आहेत, आणि २०११ मध्ये त्यांचा संकटाचा दर्जा एका पायरीने खाली आणण्यात आला. एकदा रानातून पुसली गेलेली जात इतकी सावरल्याचे उदाहरण त्यापूर्वी नव्हते.

आता आपल्या बेटाकडे वळू. डोडो नावाच्या पक्ष्यासाठी मॉरिशस जगात प्रसिद्ध आहे, आणि तो प्रसिद्ध आहे तो नाहीसा झाला म्हणून. आपले पूर्वज येण्याच्या दीडशे वर्षे आधीच तो संपला होता, तेव्हा तो दोष आपल्याकडे येत नाही. पण १९७४ मध्ये मॉरिशसचे खैरे ससाणे रानात केवळ चार उरले होते, ते आपल्या हयातीत. परदेशी संस्थांचा पैसा, आपल्या सरकारची जमीन व माणसे, आणि काही जिद्दी लोकांची चिकाटी यांमुळे ते वाचले. आज ते काही शेकडा आहेत. १९९४ मध्ये ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. आपल्या पुष्कळ मराठी कुटुंबांची घरे त्याच डोंगरांच्या पायथ्याशी, ब्लॅक रिव्हरच्या बाजूला, कास्काव्हेलकडे आहेत. आपल्या ओढ्यांचे पाणी त्या रानातून येते. गणेशोत्सवात आपण ज्या पाण्यात मूर्ती विसर्जित करतो, त्याचा उगम कोठे आहे, हे मुलांना एकदा दाखवून आणावे.

आपल्याकडे तेल नाही. आपल्या सरकारची थैली लहान आहे आणि तिला शाळा, इस्पितळे, पेन्शन अशी शंभर तोंडे आहेत. पाहुण्यांच्या देणगीवर काही वर्षे काम निघते, पण पाहुणा एक दिवस आपल्या घरी जातोच. अंदाजपत्रक आले की आपण पेट्रोल, तांदूळ, पेन्शन एवढेच आकडे शोधतो. रानाच्या पहारेकऱ्यांसाठी किती ठेवले, हा आकडा शोधणारे घर आम्ही अजून पाहिले नाही. आमच्या घरीसुद्धा आजवर कोणी तो शोधला नव्हता, हे आम्ही कबूल करतो. यंदापासून शोधणार आहोत, आणि वर्गातल्या मुलांनाही शोधायला लावणार आहोत.

शेख झायेद राजे होते, आपण साधी माणसे. पण त्यांच्या चरित्रातला जो भाग घेण्यासारखा आहे, त्याला राजेपण लागत नाही. त्यांनी बंदूक खाली ठेवली, आपला पाण्याचा हक्क आधी सोडला, आणि जे आपल्या मर्जीने चालले होते ते आपल्यामागेही चालावे अशी सोय केली. कोकणातला आपला एखादा पणजोबा देवराईच्या कडेला नारळ ठेवताना यापेक्षा वेगळे काय करीत होता? राखणदाराचा मान दरसाल द्यायचा असतो. यंदाचा दिला गेला की नाही, एवढे आपण विचारू या.